लोखंडाची सात मेंढरं

रिटायर होऊन चार महिने झाले असतील. मोटरसायकलला एखादा जुना स्टँड मिळतो का बघायला मी इंदापूर रस्त्याच्या एका भंगारवाल्याकडं गेलो होतो. तिथं आवाराच्या कोपऱ्यात, चिखलात, मला आमच्या कारखान्याची साखळी पडलेली दिसली.

साखळी म्हणजे केन कॅरियरची. गव्हाणीत टाकलेला ऊस वर ओढत न्यायचा आणि मिलच्या तोंडात घालायचा, हे कॅरियरचं काम. त्याची साखळी साधीसुधी नसते. एकेक कडी वीतभर लांब, आणि दोन कड्यांच्या मधे मुठीएवढा रोलर. मी साखर कारखान्यात मिल हाउसचा फिटर होतो. एकतीस सीझन मी त्या साखळीला तेल घातलं, सैल झाली की ताणली, तुटली की जोडली. पुढं कारखान्यानं नवी मोठी मिल बसवली आणि जुनं सगळं लिलावात निघालं. ते उतरवायचं कामही नोकरीच्या शेवटच्या वर्षी माझ्याच वाट्याला आलं. उतरवताना मला काही वाटलं नव्हतं. गॅस कटर होता, क्रेन होती, वरून साहेबांची घाई होती. काम करत गेलो.

भंगाराच्या आवारात मात्र पाय थांबले. पावसानं रोलरवर तांबूस गंज चढला होता. साखळी वेटोळं होऊन पडली होती आणि तिचे रोलर एकमेकांना चिकटून गोल गोल वर उठले होते. कातरणीला आलेल्या मेंढीच्या पाठीवर लोकर अशीच गाठी धरते. मी खाली बसलो आणि तिच्यावरून हात फिरवला.

भंगारवाला लांबून बघत होता. म्हणाला, "तात्या, त्यात स्टँड न्हाय. स्टँड तिकडं हायत."

"ही कुणी घेतलीय का?"

"कोण घेतंय. म्होरच्या गाडीनं वितळायला जाईल."

त्याचं पत्रा कापायचं मशीन महिनाभर बंद पडलं होतं. मी त्याला म्हणालो, मशीन चालू करून देतो, बदल्यात ही साखळी दे, आणि आमच्या कारखान्याचं जे जे इथं आलंय त्यातलं मी निवडीन ते दे. दोन दिवसांत मशीन चालू झालं. तिसऱ्या दिवशी पिकअप भरून माल माझ्या दारात आला.

आमचं घर मेंढपाळाचं. गाव कन्हेरी, पण माझा जन्म झाला तो वाटेवर. दिवाळी झाली की आमचा वाडा कोकणाकडं निघायचा. मेंढरं, दोन घोडी, कोंबड्या, कुत्री आणि माणसं मिळून जे चालतं घर असतं त्याला आमच्यात वाडा म्हणतात. वडिलांना आम्ही आबा म्हणतो. आबांकडं शंभरावर मेंढरं होती. पावसाळ्यात ती आमच्याकडच्या माळावर चरायची, उन्हाळ्यात लोक त्यांना खतासाठी आपल्या रानात बसवून घ्यायचे. मग कालव्याचं पाणी लांब लांब पोचलं, पाइपलाइनी झाल्या, माळ उसाखाली गेले. चरायला जागा उरली नाही. मी आयटीआय करून कारखान्यात लागलो, आणि ज्या वर्षी कायम झालो त्याच वर्षी आबांनी कळप विकला. दुसऱ्या दिवसापासून ते लोकांच्या उसाला पाणी द्यायला जाऊ लागले. पुढं आम्हीही दोन एकर ऊस केला.

म्हणजे ज्या उसानं आमची मेंढरं घालवली, तोच ऊस मी मिलमध्ये घालत होतो आणि त्यावरच घर चाललं होतं. आबा याबद्दल कधी वाईट बोलले नाहीत. चांगलंही बोलले नाहीत. मी पाळीवरून घरी आलो की "आलास व्हय" म्हणायचे आणि तंबाखू मळायला लागायचे.

पिकअपमधला माल उतरवला तेव्हा बायको दारात उभी होती. साखळी, रसाच्या जाड पाइपांचे तुकडे, बॉयलरच्या नळ्या, वाफेचे जुने व्हॉल्व्ह, असा सगळा ढीग.

"अवो, ह्ये काय आणलंय?"

"मेंढरं करायचीत."

"कशाची?"

"ह्याचीच."

तिनं ढिगाकडं बघितलं, मग माझ्याकडं बघितलं. "मामंजींनी जिती इकली, आन् तुमी लोखंडाची पाळा," म्हणाली आणि आत गेली.

गोठ्याला लागून आमचं एक पत्र्याचं शेड आहे. नोकरीत असतानाच मी तिथं वेल्डिंग मशीन, ग्राइंडर आणि उभं ड्रिल बसवून घेतलं होतं. लोकांचे नांगर, ट्रॉल्यांचे साटे दुरुस्त करून द्यायचो. तिथंच काम सुरू केलं. धड रसाच्या पाइपचं. पाय बॉयलरच्या नळ्यांचे. वाफेच्या व्हॉल्व्हचं जे बाहेरचं ओतीव कवच असतं ते पुढं निमुळतं, मागं रुंद, त्याचं तोंड झालं. मेंढ्याची शिंगं करायला सगळ्यात मजा आली. नळी नुसती तापवून वाकवली तर ती मधेच चेपते. म्हणून तिच्यात नदीची बारीक वाळू ठासून भरायची, दोन्ही तोंडं बंद करायची, लाल होईपर्यंत तापवायची आणि मग हळूहळू वळवायची. दोन वळणं घेतलेली ती शिंगं मी पाण्यात बुडवली आणि वर काढली, तेव्हा शेडमध्ये मी एकटाच होतो आणि तरी कुणाला तरी दाखवावीत असं वाटलं.

लोकर पहिल्यांदा चुकली. बारामतीच्या एमआयडीसीत माझा एक जुना दोस्त लेथ चालवतो. लेथवर लोखंड कापताना कुरळा कीस निघतो, हुबेहूब लोकरीसारखा. मी साखळी बाजूला ठेवली आणि पोतंभर कीस घेऊन आलो. बायकोनं ते पोतं सरकवायला हात घातला आणि तिचा तळवा चिरला. तीन दिवस तिला भाकरी थापता आली नाही. मी थापल्या. आबांनी त्या दुधात कुस्करून खाल्ल्या.

चौथ्या दिवशी ती पट्टी बांधलेला हात घेऊन शेडमध्ये आली. म्हणाली, "जिच्या पाठीवर हात फिरवता येत न्हाय, ती कसली मेंढी?"

तिचं खरं होतं. मी कीस परत दिला आणि साखळीकडं वळलो. एकेक रोलर कापून सुटा करायचा, घासायचा, आणि धडावर शेजारी शेजारी बसवून वेल्ड करायचा. एका मेंढीला शे-दोनशे रोलर आणि त्यांचे काप लागायचे. हात बरा झाल्यावर बायको ते रॉकेलमध्ये धुऊन आकारानं निवडायला लागली. लहान मानेला, मोठे पाठीला, हे तिनंच ठरवलं. तांदूळ निवडावेत तशी ती पाटीत रोलर घेऊन बसायची. शेजारणी आल्या तरी उठायची नाही.

पहिलं मेंढरू उभं राहिलं तेव्हा आबा काठी टेकत शेडपाशी आले. वय ऐंशीच्या पुढं, एका डोळ्याचं ऑपरेशन झालेलं. शेडमध्ये ते सहसा येत नसत, वेल्डिंगचा उजेड त्यांना सोसत नसे. मी मशीन बंद केलं. ते मेंढराभोवती एक चक्कर मारून आले आणि समोर उभे राहिले.

"ससं केलंस व्हय रं?"

"मेंढरू हाय, आबा."

"मेंढराचं कान असं हुबं असत्यात?"

मी पत्र्याचे कान कापून लावले होते, ते खरंच ताठ उभे होते. मेंढपाळाच्या घरात जन्मलेला मी, आणि कान विसरलो होतो. आबांनी आपल्या कानाजवळ हात नेऊन खाली सोडला, लोंबते कान कसे असतात ते दाखवायला. मग त्यांनी बोटं मेंढराच्या खांद्यामागं, कण्यावर ठेवली आणि दाबत दाबत मागं नेली. बाजारात मेंढरू घेताना माणसं असंच बघतात. कणा हाताला लागला तर जनावर खंगलेलं.

"पाठ लांबलीय," ते म्हणाले. "चार बोटं कमी कर. अंगानं बरं हाय." मग जाता जाता थांबून म्हणाले, "ह्ये खातं का?"

चेष्टाच केली असावी त्यांनी. पण मी हातातला ग्राइंडर खाली ठेवून तिथंच बसून राहिलो. एकतीस वर्षं माझं काम चालत्या मशीनशी होतं, आणि हे मी नुसतं उभं केलं होतं. ते खाली मान घालून चरलं पाहिजे, असं मनानं घेतलं.

कान रबराचे केले. कारखान्यात उसाचा चोथा वाहून नेणारा रबरी पट्टा असतो, त्याचा एक तुकडा भंगारात होता. ते कान छान लोंबायला लागले, आणि मान हलली की हलायचे. चार बोटं पाठ कमी केली. मग आणखी सहा मेंढरं केली, त्यांतला एक शिंगांचा मेंढा. सगळी मिळून सात झाली, आणि त्यांना चरायला लावायची तयारी सुरू झाली.

यंत्र तसं सोपं आहे. सातही मेंढरांच्या खालून एक लांब दांडा जातो. दांड्यावर प्रत्येक मेंढराखाली एक चकती, गोल नव्हे, एका बाजूला फुगवटा असलेली. तिला आम्ही कॅम म्हणतो. दांडा फिरला की फुगवटा वर येतो आणि एका सळईला उचलतो, सळई मान उचलते. फुगवटा पुढं गेला की मान आपल्या वजनानं खाली येते. दांडा फिरवायला एका टोकाला वाफेच्या मोठ्या व्हॉल्व्हचं चाक बसवलं. हातानं चाक फिरवायचं आणि मेंढरांनी चरायचं.

पहिल्या दिवशी मी चाक फिरवलं तर सातही माना एकदम वर गेल्या आणि एकदम खाली आदळल्या. आवाज एवढा झाला की शेजारच्या वस्तीवरची माणसं बघायला आली. तिसऱ्या मेंढीचं तोंड तुटून माझ्या बुटापाशी पडलं.

आबा बाहेर बाजेवर होते. त्यांनी तिथूनच विचारलं, "मेली का समदी?"

आलेली माणसं हसली. मीही हसलो, पण मला राग आला होता, स्वतःचाच. दोन महिन्यांचं काम होतं. माणसं गेल्यावर आबा आत आले आणि तुटलेलं तोंड पायानं बाजूला करून माझ्यासमोर उकिडवे बसले.

"मेंढरं अशी खात न्हायत," ते म्हणाले. "एकदम माना टाकायला त्यांना काय झालंय? फुडची वाकती. तिनं तोंड लावलं की बाजूची वाकती. मंग मागची. एक वर आली की दुसरी खाली जाती. पाण्यावानी सरकत जातं ते."

"म्हंजे कसं, आबा? दावा."

त्यांनी जमिनीवरचे सात खडे उचलले आणि ओळीनं मांडले. मग एकेक खडा बोटानं पुढं सरकवत, मागं घेत, ते मला दाखवायला लागले. कोण कधी वाकतं, किती वेळ खातं, कधी मान वर करून इकडं तिकडं बघतं. मी खडूनं कॅमवर खुणा करत गेलो. पाचव्या खड्यापाशी ते थांबले.

"ही वाकत न्हाय."

"का?"

"एक मान वरच ठेवती. कळपात असतीच एक. समद्यांनी माना घातल्या की लांडगा आला म्हणून समज."

"मंग पाचवीच का?"

"कुठलीबी ठेव. मला पाचवीच दिसती."

तास-दीड तास आम्ही त्या सात खड्यांवर बसलो होतो. बायको चहा घेऊन आली, तो तसाच निवला. मला लहानपणचं आठवत होतं, पण आबा मला मेंढरांतलं काही शिकवायच्या आधीच मी शाळेसाठी मामाकडं गेलो होतो, आणि तिथून आयटीआयला. हा माणूस एवढं सगळं जाणतो हे मला माहीत होतं. पण त्यातलं मला काहीच येत नाही, हे त्या दिवशी कळलं.

पुढचा महिना मी कॅम कानशीनं घासण्यात घालवला. पाचवीला फुगवट्याच्या उंचीएवढी पूर्ण गोल चकती बसवली, म्हणजे तिची मान वरच राहील. बाकी सहांचे फुगवटे आबांच्या खड्यांप्रमाणे वेगवेगळ्या कोनांत बसवले. माना आदळू नयेत म्हणून मानेमागं वजनं लावली, आणि सळयांखाली बॉयलरच्या सेफ्टी व्हॉल्व्हच्या जुन्या स्प्रिंगा घातल्या. एकेकाळी त्यांनी वाफेचा दाब धरून ठेवला होता, मेंढीची मान त्यांना काय जड.

दुसऱ्यांदा चाक फिरवलं तेव्हा घरातली आम्ही तिघंच होतो. पहिली मेंढी वाकली. तिची मान अर्ध्यावर असतानाच दुसरी वाकायला लागली. मेंढ्यानं जरा उशीर केला, शिंगांच्या वजनानं त्याचं सगळं सावकाश. रबराचे कान पुढं पडत होते, मागं जात होते. मधे पाचवी ताठ मानेनं उभी. कुठं आवाज नाही, फक्त चाकाचा थोडा खरखराट.

बायको म्हणाली, "अगं बया."

आबा काठीवर दोन्ही हात ठेवून बघत राहिले. मी थांबलो तर म्हणाले, "फिरीव." पुन्हा थांबलो, पुन्हा म्हणाले, "फिरीव." माझे दंड भरून आले तरी मी फिरवत होतो. शेवटी ते पुढं झाले, मला बाजूला केलं आणि स्वतः चाक धरलं.

कारखान्यात मी खूप कामं केली. भर सीझनमध्ये मिल बंद पडली की शेकडो गाड्या रस्त्यावर उभ्या राहायच्या, आणि आम्ही ती चालू करायचो. पण ते काम दाखवायचं नसतं. मिल चालू झाली की माणूस विसरतो की ती बंद होती. साखर पोत्यात जाते, पोतं गाडीत जातं. माझं म्हणून बोट ठेवावं असं काही मागं नव्हतं. त्या दिवशी होतं. मी सात मेंढरांकडं बघत होतो आणि माझा ऊर भरून आल्यासारखं झालं. ते लपवावं असंही वाटलं नाही.

दसऱ्याच्या आसपास कारखान्याचे चीफ इंजिनिअर साहेब घरी आले. जुन्या मिलच्या खालून पाण्याची एक लाइन गेली होती, तिचा नकाशा सापडत नव्हता, आणि ती कुठून वळते हे मलाच ठाऊक होतं. मी कागदावर काढून दिली. मग त्यांना शेडमध्ये नेलं.

त्यांनी आधी चाकाला हात लावला नाही. वाकून एकेक भाग ओळखत गेले. "हा एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह ना? आणि हे रोलर... ही जुनी कॅरियर चेन आहे." मग चाक फिरवलं. दोन फेऱ्या झाल्यावर म्हणाले, "ही पाचवी अडकलीय."

"अडकलेली नाही, साहेब. ती राखण करते."

मी आबांचं सांगितलं, खडे सांगितले. साहेब बाहेर आले, बाजेवर आबांशेजारी बसले, आणि पाण्याच्या लाइनचं विसरून तासभर मेंढरांचं विचारत राहिले. निघताना म्हणाले, "मोळी टाकायच्या कार्यक्रमाला ही कारखान्यावर आणायची. मी ट्रेलर पाठवतो."

सीझन सुरू होताना गव्हाणीत पहिली उसाची मोळी टाकतात, त्या दिवशी आमच्याकडं जत्राच असते. सभासद, संचालक, कामगार, बैलगाड्या आणि ट्रॅक्टर घेऊन आलेले ऊसतोड मजूर. मेंढरं मंडपाशेजारी मांडली होती. आबांनी धुतलेलं धोतर, लाल पटका, खांद्यावर घोंगडं असा वेष केला होता. एवढ्या वर्षांत ते कारखान्याच्या फाटकाच्या आत आले नव्हते. मी कधी बोलावलंही नव्हतं, हेही खरं. आत आल्यावर त्यांनी चिमणीकडं, यार्डातल्या गाड्यांकडं एकदा बघितलं आणि सरळ मेंढरांजवळ जाऊन उभे राहिले. तिथून दुपारपर्यंत हलले नाहीत.

पूजा झाल्यावर चेअरमन साहेब आले. त्यांच्यामागं सगळी मंडळी. त्यांनी हौसेनं चाक धरलं आणि जोरात फिरवलं. माना भराभर वर-खाली व्हायला लागल्या.

आबा पुढं झाले. "दमानं, सायेब. मेंढरं पळताना खात न्हायत."

चेअरमन हसले, "बरोबर आहे आबा," म्हणाले आणि सावकाश फिरवायला लागले. मेंढरं चरायला लागली. मागची माणसं बघायला पुढं सरकली.

"कुणी केली ही?" त्यांनी विचारलं.

"माज्या पोरानं," आबा म्हणाले. "ह्यो काय."

त्यांनी मला दंडाला धरून पुढं ओढलं. मी साठीचा माणूस, आणि त्यांच्या त्या ओढण्यानं शाळेच्या बक्षीस समारंभात उभा राहिल्यासारखा उभा राहिलो.

मंडळी जेवायला गेल्यावर तोडणीवाल्या बायका आल्या. बीडकडच्या होत्या. त्यांतली एक मेंढ्याच्या शिंगावरून हात फिरवून आबांना म्हणाली, "आमच्या माहेरी बी व्हती." मग तिनं जवळच्या गाडीतनं उसाच्या शेंड्याचा हिरवा पाला, वाढं, उपसलं आणि मेंढ्याच्या तोंडापुढं टाकलं. दुसरीनं चाक फिरवलं. मेंढा वाकला, वाढ्याला तोंड लावलं, वर आला. त्या सगळ्या हसत सुटल्या. मग ज्याला त्याला वाढं टाकावंसं वाटायला लागलं. संध्याकाळी आम्ही मेंढरं उचलायला गेलो तेव्हा त्यांच्यापुढं गुडघाभर चारा पडला होता.

उचलली मात्र नाहीत. साहेबांनी विचारलं, मेंढरं इथंच, फाटकाजवळ ठेवू द्याल का? मी म्हणालो, आबांना विचारतो. आबांनी जागा बघितली. "हितं सावली न्हाय," म्हणाले. लोखंडाला सावली कशाला, असं कुणी म्हटलं नाही. साहेबांनी जागा बदलली. ऑफिससमोरच्या कडुनिंबाखाली सिमेंटचा कट्टा बांधून मेंढरं तिथं बसवली.

पुढच्या पंधरवड्यात वॉचमनचे मला तीन फोन आले. पाचवी मेंढी बिघडलीय, मान खाली जात नाही. तिसऱ्या वेळी मी आबांना ते सांगितलं. ते म्हणाले, "पाटी लावा की मंग." कारखान्याच्या पेंटरनं पत्र्यावर दोन ओळी लिहिल्या: 'ही मेंढी बिघडलेली नाही. ही राखण करते.' आता लोक आधी पाटी वाचतात आणि मग चाक फिरवतात. फोन बंद झाले.

महिन्यातनं एकदा मी मेंढरांचे बेअरिंग बघायला जातो. गेल्या हिवाळ्यात आबा म्हणाले, मीबी येतो. मोटरसायकलवर मागं बसले. काम झाल्यावर आम्ही कट्ट्यावर टेकलो होतो. कारखाना पुरता जोरात चालू होता, रसाचा वास सगळीकडं होता.

"तू काम करायचास ते कुठं?" त्यांनी विचारलं.

मी साहेबांची परवानगी काढली आणि त्यांना हाताला धरून मिल हाउसचा लोखंडी जिना चढवला. जुन्या मिलच्या जागी आता नवी आहे, पण जागा तीच. रेलिंगला धरून आबा खाली बघत राहिले. ऊस येत होता, चेपला जात होता, खालून रस वाहत होता. आवाजानं बोलणं ऐकू येईना, म्हणून मी त्यांच्या कानाशी तोंड नेऊन सांगत होतो. इथं कॅरियर होता. इथं साखळी वर यायची. ती तुटली की मिल थांबायची, मग आम्ही चौघं खाली उतरायचो.

"किती येळ लागायचा?"

"नेट लावला तर दोन तास."

"आन् तवर गाड्या थांबायच्या?"

"फाटकाबाहेर, पार भवानीनगरच्या रस्त्याला लागंपर्यंत."

त्यांनी मान हलवली. मग आणखी विचारत गेले, साखळी का तुटते, आधी कळतं का, कान लावून कळतं का हात लावून. मी सांगत गेलो. कान लावूनच कळतं म्हटल्यावर ते म्हणाले, "मेंढराचं बी तसंच हाय," आणि पुन्हा खाली बघायला लागले.

तिथल्या ऑपरेटरनं आम्हाला बघितलं आणि नमस्कार करायला वर आला. आबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवून त्याला मोठ्यानं सांगितलं, "ह्यो माजा ल्योक. एकतीस वर्सं हितं व्हता."

"ठावं हाय, आबा," तो म्हणाला. "मला त्यांनीच शिकवलंय."

आम्ही खाली उतरलो. कँटीनमध्ये आबांनी दोन कप चहा घेतला, मिलच्या रसाचा वास चांगला येतो म्हणाले, आणि येताना, मी साहेबांना कागदावर काढून दिलेली ती पाण्याची लाइन नेमकी कुठून वळते ते माझ्याकडून दाखवून घेतलं.